१९०३ नंतरच्या ब्रिटिश विनाशिका (डिस्ट्रॉयर, म्हणजे छोट्या वेगवान युद्धनौका) आधीच्यांपेक्षा हळू का होत्या?

कागदावर हळू, समुद्रात नाही. आधीच्या ‘३० नॉट’वाल्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) विनाशिकांचा वेग शांत पाण्यात, कमी वजनावर मोजलेला. त्यांच्या नाळेवरचा (जहाजाच्या पुढच्या टोकावरचा) डेक कासवाच्या पाठीसारखा उतरता आणि बुटका होता. खवळलेल्या समुद्रात नाळ लाटेत घुसे, ब्रिज (जहाज चालवण्याची जागा) पाण्याने न्हाऊन निघे आणि वेग कमी करावाच लागे. १९०१ मध्ये ‘कोब्रा’ ही विनाशिका उत्तर समुद्रात दुभंगून बुडाली, तेव्हा या हलक्या बांधणीवरच बोट ठेवलं गेलं.

१९०३ पासूनच्या नव्या विनाशिकांत, म्हणजे रिव्हर वर्गात, नाळेकडचा डेक उंच केला, सांगाडा भक्कम केला आणि प्रत्यक्षातल्या वजनावर चाचणी घेऊन २५.५ नॉट मागितले. माझ्या मते खरी समुद्रगामी ब्रिटिश विनाशिका इथूनच सुरू होते.

शस्त्रं मात्र सुरुवातीला जुनीच: एक १२ पौंडी (सुमारे १२ पौंडांचा गोळा डागणारी) तोफ, पाच ६ पौंडी आणि १८ इंची टॉर्पेडोच्या दोन नळ्या. रशिया-जपान युद्धानंतर ६ पौंडी तोफांचा मारा अपुरा आहे हे पटलं आणि त्यांच्या जागी तीन १२ पौंडी आल्या. पुढच्या ट्रायबल वर्गाने टर्बाइन आणि तेलाच्या जोरावर ३३ नॉट गाठले. त्यातल्या नंतरच्या जहाजांवर ४ इंची तोफा बसल्या.