नोव्हेंबर-डिसेंबरमधलं वादळी पाणी आणि गारपीट मॉडेलवरून आधी कळते का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे की दिवाळीनंतर विदर्भात येणारं वादळी पाणी आणि गारा हवामानाच्या मॉडेलवरून किती दिवस आधी कळतात, आणि त्यासाठी कोणतं अ‍ॅप सगळ्यात बरोबर. अ‍ॅपचं शेवटी सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की परिस्थिती जुळून येते आहे हे पाच-सहा दिवस आधी कळतं, आणि पाणी तुमच्याच वावरात पडेल का हे आदल्या रात्रीही कळत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत आमच्या घरी एक भांडण लागलं, ते अजून मिटलेलं नाही. म्हणून लांबलचक लिहितो आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, नेरच्या बाजूला. वावर दादाचं आणि माझं सामायिक. २०२१ च्या डिसेंबरअखेर विदर्भात गारपीट झाली, तेव्हा अमरावतीकडे मामाच्या संत्र्याच्या बागेत झाडाखाली फळांचा सडा पाहिला होता. तेव्हापासून मी मॉडेलचे, म्हणजे पुढच्या दिवसांचं हवामान संगणकावर गणित करून काढणाऱ्या प्रणालीचे, नकाशे पाहतो आणि एका वहीत लिहून ठेवतो. कोणत्या दिवशीच्या रनमध्ये (मॉडेलचं गणित एकदा चालवलं की तो एक रन) काय दिसलं, मग प्रत्यक्ष काय झालं. ही वही नसती तर आज मीही ‘अंदाज सगळे खोटे असतात’ म्हणणाऱ्यांतच असतो.

२०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. त्यानंतरच्या आठवड्यात पऱ्हाटी चांगली फुटली होती. पहिला वेचा झालेला, दुसऱ्याला अंदाजे बारा क्विंटल कापूस झाडावर. तूर फुलोऱ्यात. २१ तारखेच्या मंगळवारी रात्री नकाशे उघडले, तर हवेच्या दाबाच्या ५०० च्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून पावणेसहा किलोमीटरच्या आसपास, पश्चिमेकडून येणारा वारा राजस्थान-गुजरातवर दक्षिणेला खोल वाकलेला दिसला. त्याला द्रोण म्हणतात. द्रोणाच्या पूर्वेकडची हवा वर उचलली जाते, आणि त्याच्या पूर्वेला आपण बसलेलो. तेवढ्याने काही होत नाही, थंडीत असे द्रोण येत-जात असतात. पण खाली ८५० वर, म्हणजे दीड किलोमीटरवर, वारा बंगालच्या उपसागराकडून ओलावा घेऊन येताना दिसत होता आणि दुसऱ्या बाजूने अरबी समुद्राकडूनही. वर थंड पश्चिमवारा आणि खाली ओली हवा. नोव्हेंबरात मला भीती याच जोडीची वाटते.

पावसाळ्यातल्या विजांच्या पावसापेक्षा हे वेगळं का, ते नीट समजून घ्या, कारण पावसाळ्यातले आकडे वापरून नोव्हेंबर मोजणारे लोक इथेच फसतात. केप म्हणजे हवेला वर उसळी मारायला किती जोर आहे ते सांगणारा आकडा. जूनमध्ये ती दोन-तीन हजार दिसते, म्हणजे जोर भरपूर असतो. नोव्हेंबरअखेर ती पाचशे-हजार दिसली की लोक म्हणतात, यात काही दम नाही. पण या दिवसांत जेट वारा, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान पश्चिमवारा, दक्षिणेला सरकलेला असतो. जमिनीजवळचा वारा आणि सहा किलोमीटरवरचा वारा यांच्या वेगात-दिशेत मोठा फरक पडतो. हा फरक सेकंदाला पंधरा-वीस मीटरच्या वर गेला की ढग तिरका वाढतो, पडणारं पाणी चढत्या हवेचा गळा दाबत नाही आणि ढग जास्त वेळ जगतो. त्यात गोठणबिंदूची उंची पावसाळ्यात साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते, ती या दिवसांत किलोमीटरभर तरी खाली आलेली असते, त्यामुळे गारेला वितळायला अंतर कमी मिळतं. म्हणून कमी केप पाहून निश्चिंत होऊ नका. केपसोबत वाऱ्याचा फरक पाहा, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच जागी आहेत का ते पाहा. केप दुपारी आणि द्रोण दुसऱ्या दिवशी सकाळी, असं असेल तर बहुतेक वेळा नुसतं आभाळ येऊन जातं.

बुधवारी, गुरुवारी चित्र तसंच राहिलं. युरोपचं मॉडेल एकच अंदाज काढत नाही. सुरुवातीच्या नोंदींत थोडा थोडा फरक करून तेच गणित ५१ वेळा चालवतं, त्याला एन्सेम्बल म्हणतात. मंगळवारी त्या ५१ पैकी मूठभरांनीच आमच्या भागात पाणी दाखवलं होतं, गुरुवारपर्यंत संख्या वाढत गेली. माझ्या मते हे वाढत जाणं कोणत्याही एका आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. एका रनमध्ये लाल डाग दिसला आणि पुढच्यात गायब झाला तर सोडून द्या. रन बदलत राहिले आणि डाग तिथेच घट्ट होत गेला तर तयारीला लागा. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल मात्र मुख्य पाऊस गुजरात-खान्देशाकडे ठेवून आमच्याकडे शिंतोडे दाखवत होतं. हवामान खात्याचा वादळी पावसाचा इशाराही आला.

शुक्रवारी रात्री मी दादाला म्हटलं, उद्या-परवा बाया लावून कापूस वेचून घेऊ. मोबाइलवर त्याच्या अ‍ॅपमध्ये सोमवारी तीस टक्के पाऊस लिहिलेला. दादा म्हणाला, “तीस टक्के म्हन्जे सत्तर टक्के येत नाही. सरळ हिशेब हाये. अन् सोमवारी पौर्णिमा हाये, तेवढी होऊ दे, बुधवारी काढू.” मग मागचं उकरून काढलं. “मागच्या डिसेंबरातबी तू असंच म्हणे. बायांनं अर्धी कच्ची बोंडं तोडली, अन् पाणी आलं का?”

ते खरं होतं. २०२२ च्या डिसेंबरात मंदौस चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागलं, त्याचे उरलेले ढग महाराष्ट्रावर येताना मॉडेलमध्ये दिसत होते, आणि मी घरात घाई केली होती. आमच्याकडे तीन दिवस नुसतं आभाळ राहिलं. ती माझी चूक होती आणि वहीत तशीच लिहिलेली आहे. वादळाचा विझत आलेला ढग आणि पश्चिमेच्या द्रोणाखाली उभं राहणारं गारांचं आभाळ या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

शनिवारी मी माझ्या जोरावर आठ बाया मिळवल्या. चार क्विंटल निघाला. रविवारी त्या दुसऱ्याकडे बोललेल्या होत्या. त्याच रविवारी, २६ तारखेला, गुजरातमध्ये वीज पडून वीसहून जास्त माणसं गेली आणि नाशिककडे द्राक्षबागांवर गारा पडल्या. बातम्या पाहून दादा रात्री स्वतः उठून दोन गावं फिरला. कुणी मिळालं नाही. सोमवारी पहाटे थंडी एकदम गायब, अंगाला चिकट घाम, वारा आग्नेयेकडून. संध्याकाळी पाणी आलं. हरभऱ्याएवढ्या गारा पाच मिनिटं, मग रात्रभर थांबून थांबून पाऊस. सकाळी गेलो तर कापूस बोंडातून लोंबून मातीला टेकलेला, तुरीच्या ओळीत खाली फुलांचा पिवळा थर. उरलेला आठ क्विंटल वाळवून खेडा खरेदीवाल्याला पाच हजार पाचशेने दिला. शनिवारचा चार क्विंटल सहा हजार नऊशेने गेला होता.

दादाचं म्हणणं आजही हेच आहे की तो नशिबाचा खेळ होता, तीस टक्क्यांवर कुणी शेती करत नाही. माझं म्हणणं मी इथे आकड्यांत मांडतो. बारा क्विंटल कापूस कधीतरी वेचायचाच होता, त्यामुळे किलोमागे दहा रुपये मजुरी दोन्हीकडे सारखीच. घाईने बाया आणल्या म्हणून किलोला दोन रुपये जास्त, म्हणजे २,४०० रुपये, आणि बाहेरगावाहून ऑटोचे ८००. एकूण ३,२०० जास्तीचे. आणि भिजला तर क्विंटलमागे १,४०० चा फटका, बारा क्विंटलचे १६,८००. ३,२०० हे १६,८०० च्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहेत. म्हणजे पावसाची शक्यता वीस टक्क्यांच्या वर असेल तर वेचून घेणं परवडतं. पाच वेळा घाई केली आणि चार वेळा पाणी नाही आलं, तरी पाचव्या वेळी सगळं भरून निघतं. तीस टक्के म्हणजे ‘येत नाही’ असं वाचणारा माणूस दुसरी बाजू मोजतच नाही. टक्के किती यापेक्षा, चुकलो तर किती जातं हे आधी मांडा. मंदौसच्या वेळचं नुकसान या हिशेबात धरूनही माझी बाजू वर राहते. दादा, हे तुलाही लिहितो आहे.

आता आदल्या रात्रीही नेमकं का कळत नाही, ते. युरोपच्या मॉडेलचा एक चौकोन ९ किलोमीटरचा, जीएफएसचा साधारण १३ चा. नऊ गुणिले नऊ म्हणजे ८१ चौरस किलोमीटर, वीस हजार एकर. त्यात आमचं गाव, शेजारची दोन गावं आणि मधला नाला येतो. गारांचा ढग त्याहून लहान असू शकतो, त्यामुळे मॉडेलला तो ढग दिसतच नाही. ते चौकोनभर सरासरी पाणी वाटून टाकतं. ‘४ मिलिमीटर’ लिहिलं असेल तर एका धुऱ्याला चाळीस आणि दुसऱ्याला शून्य, असंही होतं. मे २०२५ मध्ये आपल्याकडे ६ किलोमीटरचं भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झालं, ही चांगली गोष्ट आहे, पण सहा किलोमीटरमध्येही एकेकटा ढग मावत नाही. म्हणून दहा दिवस आधी तालुक्याचं नाव आणि तारीख घेऊन ‘गारपीट होणार’ असे व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी मेसेज पाठवणाऱ्यांवर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. त्यांच्या चुकलेल्या तारखांची वही कुणी ठेवत नाही, एवढाच त्यांचा आधार आहे.

अ‍ॅपचं. ढगाचं चित्र आणि टक्के दाखवणारं कोणतंही अ‍ॅप या कामाचं नाही. विंडी उघडा, त्यात युरोपचं आणि अमेरिकेचं मॉडेल आलटून पालटून पाहा, ८५० आणि ५०० चा वारा पाहा, केप पाहा. पहाटे साडेपाचच्या नोंदींवरचा युरोपचा रन आपल्या हाती दुपारी येतो, संध्याकाळचा मध्यरात्रीच्या सुमारास. दिवसातून दोनदा पाहणं पुरे. दर तासाला पाहिलं तर फक्त जीव घाबरा होतो. शेवटच्या दिवशी मॉडेल बाजूला ठेवा आणि हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा आणि नागपूरचं रडार पाहा. रडारचा किरण आमच्यापर्यंत येईतो जमिनीपासून दोनेक किलोमीटर वर गेलेला असतो, पण गारांचा ढग उंच असल्यामुळे तो सापडतो. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी अ‍ॅप ठेवा. वावरात बाया असताना ते उघडं पाहिजेच, कापूस गेला तरी चालेल.

माझा वीस टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. पत्र्याखाली ठेवलेल्या मालाला तो लागू नाही. फवारणीचं गणित वेगळं. संत्र्याच्या बागेवर गारा येणार असतील तर आधी तोडून घेण्यासारखं फळ तयार आहे का, त्यावर सगळं अवलंबून. पूर्वेकडे, गोंदिया-भंडाऱ्याकडे, तर कापलेल्या धानाच्या कडपा वावरात पडलेल्या असताना मोठा धोका बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा असतो. त्याच २०२३ मध्ये पुढच्याच आठवड्यात मिचाँग चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागलं, तिकडे तो पाऊस झाला. तिथे द्रोण पाहत बसण्यात अर्थ नाही, वादळाचा मार्ग पाहा.

आणि दादाच्या बाजूची एक गोष्ट मला मान्य करावी लागते. मी घाईची मजुरी किलोला दोन रुपये जास्त धरली, कारण त्या शुक्रवारी बाया शोधणारा गावात मी एकटाच होतो. सगळेच शोधायला लागले तर दोन रुपयांत कुणी येणार नाही. पाच रुपये जास्त द्यावे लागले तर ऑटो धरून खर्च ६,८०० होतो, आणि वीसऐवजी चाळीस टक्क्यांपर्यंत थांबावं लागतं. चाळीस टक्के दिसेपर्यंत सहसा एखाद-दोन दिवसच उरलेले असतात. म्हणून आता नकाशात द्रोण आणि खालची ओली हवा दोन रनमध्ये सलग दिसली, की पाच दिवस आधीच वेचणाऱ्या बायांच्या टोळीच्या मावशींना फोन करून दोन दिवस बोलून ठेवतो, आणि पाणी नाही आलं तरी ते दिवस माझेच राहतील असं कबूल करतो. गेल्या हंगामात असे दोनदा बोलावले. एकदा पाणी आलं, एकदा आलं नाही. दोन्ही वेळा मजुरी तेवढीच लागली.