मुन्नारला चाललोय, एराविकुलम नॅशनल पार्क बघण्यासारखं आहे का, प्राणी खरंच दिसतात का?

नक्की जा. पण आधी तारखा बघा, कारण निलगिरी ताहरच्या पिल्लांच्या सीझनमुळे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पार्क बंद असतं आणि बरेच जण नेमके तेव्हाच जाऊन हिरमुसले होऊन परत येतात. ताहर म्हणजे डोंगरातली रानबकरी, फक्त केरळ-तामिळनाडूच्या घाटांतच सापडते आणि बघायला राजमला, म्हणजे पार्कच्या टुरिस्ट भागाइतकी सोपी जागा नाही, कारण इथले कळप माणसांना सरावलेत, अगदी रस्त्याच्या कडेला चरत असतात. म्हातारा नर ओळखायला सोपा, अंग गडद काळपट आणि पाठीवर खोगीर टाकल्यासारखा फिकट पट्टा. प्लीज त्यांना हात लावू नका, खायला तर अजिबात देऊ नका, चिप्सची सवय लागली की नुकसान त्यांचंच होतं.

वाघ, हत्ती आहेत पण टुरिस्ट भागात दिसतील ही आशा सोडा. आपली गाडी आत नेता येत नाही, फॉरेस्टवाल्यांच्या बसने वर जायचं, मग थोडं चालायचं. सकाळची पहिली बस पकडा, नंतर रांग आणि धुकं दोन्ही वाढतं. समोर आनमुडी शिखर, 2695 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजारएक मीटर उंच, पण तिथवर जाऊ देत नाहीत. नीलकुरिंजी, म्हणजे बारा वर्षांनी एकदा फुलणारं निळ्या फुलांचं झुडूप, 2018 ला फुललं होतं, आता थेट 2030 ला, त्यामुळे यंदा निळे डोंगर दाखवतो म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. स्वेटर ठेवा, तिकीट ऑनलाइन काढा.