चौघांच्या दुर्गम कडाचढाईला 60 मीटरचा एकच दोर पुरेल का?

नाही, 60 मीटरचे दोन डायनॅमिक (ताणून पडण्याचा झटका शोषणारे) दोर न्या. प्रश्न चढाईचा नाही, माघारीचा आहे: अँकरमधून (कड्यावरच्या पक्क्या आधारातून) डबल केलेला एक दोर रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, 30 मीटरच पुरतो, आणि पिच (दोन अँकरमधला टप्पा) 45 मीटरची असली की तुम्ही अधांतरी. दोन जोडले तर जवळपास पूर्ण 60 मीटर मिळतात. दगड पडून एक कापला गेला तरी दुसरा हाताशी राहतो. जोडायला साधी ओव्हरहँड गाठ, शेपट्या (गाठीबाहेरची मोकळी टोकं) किमान 30 सेंटिमीटर, चारही पदर एकेक ओढून घट्ट केलेले. गाठ दिसते ओबडधोबड, पण कडेवरून घसरत येते, कमी अडकते. उतरणारा दोराच्या टोकावरून निसटू नये म्हणून खालच्या दोन्ही टोकांना स्टॉपर गाठ हवीच; दोर काढताना ती सोडायचं नेमकं विसरलं जातं. शेवटचा माणूस वर असतानाच खालून हातभर ओढून पाहा. सरकत नसेल तर गाठीची जागा त्यालाच बदलता येते. अँकरसाठी कापून सोडून देता येईल अशी 7 मिलिमीटरची 10 मीटर कॉर्ड (बारीक दोरी) आणि चाकूही ठेवा. कडा 30 मीटरच्या आत, एकाच पिचचा असेल तर मात्र एक दोर चालतो.