खांद्याचे म्हणणे रात्री ऐक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तालमीत सदरा काढताना तू उजवा हात वर नेला नाहीस, डाव्या हातानेच तो डोक्यावरून ओढून घेतलास आणि मी पाहिले हे लक्षात येताच मान फिरवलीस. नंतर विचारलेस, "वस्ताद, खांदा दुखतो, पण माळेगावच्या यात्रेतल्या कुस्तीपर्यंत असेच रेटू का?"

जोर काढून अंग तापले की दुखणे मावळते, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण त्यावर विसंबू नकोस, कारण तापलेला खांदा खोटे बोलतो. रात्री त्या कुशीवर झोपता येते का, कूस बदलताना कळ येऊन जाग येते का, एवढेच मला सांग. खांद्याची खोबण उथळ असते, म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो सांधा भोवतालच्या चार लहान स्नायूंच्या आधारावर टिकून असतो. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, सुजल्या की हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखते, आणि तुझा हात नेमका तिथेच अडतो. अशा कंडरांवर रोजचे जोर लादणे म्हणजे उसवलेल्या दोराने भरली मोट ओढणे आहे.

मी तुझ्याच वयाचा असताना महिनाभर रात्री जागून काढल्या, दुपारी गोळी घेतली आणि फडात उतरलो. समोरच्याने ढाकेचा डाव टाकला, हात त्याच्या बगलेत राहिला आणि खांदा निखळला. तो बसवून घेऊन तीन आठवड्यांत मी पुन्हा मातीत होतो. कोवळ्या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका फार मोठा असतो. माझा पाच वेळा निखळला, शेवटच्या वेळी तर बैलापुढे कडब्याची पेंढी टाकताना. मला कोणी सांगितले नव्हते असे नाही. पण खुराकासाठी घरची म्हैस विकलेली होती आणि वडील फड पाहायला चालत आले होते. मी न उतरतो कसा? हे वाक्य मी दोनदा खोडले आणि पुन्हा लिहिले. तुझ्या घरची म्हैस अजून दावणीला आहे, तेव्हा माझे कारण तू वापरू नकोस.

गोळीने कळ बधिर होते, कंडरा सांधत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून नाचू नकोस. त्यात हाड दिसते, फाटलेली कंडरा दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. हात गळ्यात बांधून महिनोन्‌महिने बसणेही नको, सांधा आखडतो. जोर, रस्सी आणि गदा बंद. बैठका आणि धावणे चालू. रबरी पट्ट्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढेच. कधीपर्यंत, हे पुन्हा विचारू नकोस. हात दुखल्याशिवाय पूर्ण वर जाईपर्यंत, त्यात पहिल्यासारखी ताकद येईपर्यंत आणि रात्र सलग झोपेत जाईपर्यंत. यात्रा दरवर्षी मार्गशीर्षात भरते.

सोमवारी सकाळी सातला अहमदपूरच्या बसस्थानकावर ये, लातूरला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवू. तोवर रोज रात्री कितीदा जाग आली ते कागदावर लिहून ठेव आणि तो कागद सोबत आण.

तुझा वस्ताद