ऑप-अँपच्या सप्लायला फिल्म कंडेन्सर लावावा की साधा सिरॅमिक?

एनई५५३२ या ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीचा) प्रीअँप घरी बनवताय. सप्लायला सिरॅमिक लावलं की आवाज 'कोरडा' होतो असं कुणी सांगितलं, म्हणून महागाचे फिल्म कंडेन्सर घ्यावेत का आणि त्याने घरघर जाईल का, असं विचारलंय तुम्ही. सिरॅमिक लावा. ०.१ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, एक्स७आर (सिरॅमिकचा एक प्रकार). शिवाय बोर्डावर प्रत्येक रेलला (सप्लायच्या अधिक आणि उणे लाइनला) ४७ मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक. बास.

हा 'कोरडा' शब्द मी पहिल्यांदा ऐकला आमच्या भावोजींकडून. वडिलांच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो प्रीअँप करत होतो, पुण्याच्या तापकीर गल्लीतून मूठभर १०४ (हेच ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक) आणले होते. ते बघून भावोजी म्हणाले, "रेशनच्या तांदळाची बिर्याणी करतोस होय रे?" आणि स्वतःच्या डब्यातले दोन इंपोर्टेड पॉलिप्रॉपिलीन फिल्म कंडेन्सर दिले. काडेपेटीएवढे, निळे. आयसीजवळ मावेनात, म्हणून बोर्डाच्या कडेला चिकटवले आणि वायरने जोडले. जाऊन-येऊन ८ सेंटीमीटर वायर झाली.

गाणं वाजलं, पण 'स' आणि 'श' फाटायचे. आयसीला बोट लावलं तर चटका. (५५३२ कोमट असतोच, चटका नाही बसत.) तीन आयसी बदलले, दोन महिने गेले. शेवटी मित्राकडे ऑसिलोस्कोप लावला, तर आउटपुटवर मेगाहर्ट्झमधली लाट नाचत होती. बोर्ड उलटा केला, ८ आणि ४ या सप्लायच्या पिनांमध्ये खालून एक १०४ सोल्डर केला. लाट गायब.

कारण साधं आहे. आपले कान २० किलोहर्ट्झला संपतात, ५५३२ चा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) १० मेगाहर्ट्झपर्यंत पुरतो. तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा अडथळा जेमतेम ०.१६ ओहम, आणि त्या ८ सेंटीमीटर वायरचा सुमारे ५ ओहम. कंडेन्सर सोन्याचा असला तरी आयसीला तो दिसतच नाही. पाय आखूड ठेवा, ब्रँड नंतर बघा.

त्या दिवाळीला भावोजींनी तोच प्रीअँप ऐकला. डोळे मिटून म्हणाले, "बघ, फिल्मचा मोकळेपणा!" दोन्ही निळ्यांचा एकेक पाय मी आदल्याच आठवड्यात कापला होता. इतक्या वर्षांत त्यांना सांगितलेलं नाही. इथे वाचलं तर वाचोत.

तुमची घरघर यातल्या कशानेच जाणार नाही. घरघरीच्या १०० हर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे १६ किलोओहम, त्याचा काय उपयोग? ७८१५-७९१५ या सप्लायच्या रेग्युलेटरच्या आधीचे मोठे कंडेन्सर आणि ग्राउंडची वायरिंग तपासा.

आणि हो, बऱ्याच डेटाशीटमध्ये प्रत्येक रेलपासून ग्राउंडला एकेक कंडेन्सर दाखवतात. तेही चालतं, फक्त त्या ग्राउंडचा रस्ता इनपुटच्या ग्राउंडमधून जाऊ देऊ नका. हे सगळं सप्लायपुरतं. सिग्नलच्या वाटेत मात्र एक्स७आर लावू नका, व्होल्टेजप्रमाणे त्याचे मायक्रोफॅरड बदलतात आणि डिस्टॉर्शन येतं. तिथे फिल्मच. तेवढ्यापुरते भावोजी बरोबर आहेत.