बंद विहिरीतला गाळ काढायचा आहे. कंदील सोडून बघितला तर पुरेसं आहे का?

नाही. तुम्ही लिहिलंय की विहीर बरीच वर्षं स्लॅब टाकून बंद आहे, तळाला कमरेइतका गाळ आहे आणि वडील म्हणतात, ‘पेटता कंदील सोडा, विझला नाही तर खुशाल उतरा.’ मी एका कारखान्यात सेफ्टी बघतो. टाकीत माणूस उतरायचा तर परवान्यावर माझी सही लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडिलांचं अगदीच चूक नाही. ऑक्सिजन फार कमी झाला की ज्योत विझते, पण ती विझते साधारण 16 टक्क्यांच्या आसपास. मोकळ्या हवेत तो 20.9 असतो आणि आम्ही 19.5 च्या खाली कुणाला उतरू देत नाही. मधल्या पट्ट्यात कंदील मजेत जळत राहतो. विषारी वायू तर त्याला कळतच नाहीत आणि गाळातून मिथेन सुटत असेल तर आपणच काडी लावल्यासारखं होईल. शिवाय वडिलांच्या काळातली विहीर उघडी होती, रोज उपसा व्हायचा. तुमची झाकलेली आहे.

नाकावरही जाऊ नका. हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं. ‘वास गेला, आता उतरा’ असं कुणी म्हणालं तर उलट जास्तच घाबरायचं.

मग काय करायचं? आधी माणूस न उतरवता काम होतंय का बघा. मड पंप लावा किंवा वरून पंजाने गाळ उचलणारं यंत्र मिळतंय का विचारा. बरंचसं काम त्यातच भागतं.

उतरावंच लागलं तर चार वायूंचा मीटर भाड्याने आणा. तो दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी सोडा, प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटं थांबा, कारण सेन्सरला वेळ लागतो. एक खोच आहे, ती दुकानदार सांगणार नाही. हा मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड दाखवतो, पण कार्बन डायऑक्साईड बहुतेक मीटरना दिसत नाही. जुन्या विहिरीत तोच तळाशी साचतो. तो 5 टक्के मिसळला तरी ऑक्सिजन जेमतेम एका टक्क्याने उतरतो. म्हणजे 19.5 च्या वरच राहतो. मीटर गप्प आणि खालचा माणूस धापा टाकतोय. म्हणून विहिरीत आकडा 20.9 वरून थोडा जरी घसरलेला दिसला तरी मी उतरू देणार नाही. आधी ब्लोअर, म्हणजे पाइपातून ताजी हवा ढकलणारा पंखा, लावायचा, त्याचा पाइप तळापर्यंत सोडायचा, मग पुन्हा मोजायचं. काम चालू असतानाही ब्लोअर बंद करायचा नाही आणि मीटर कामगाराच्या छातीवरच ठेवायचा, कारण गाळ ढवळला की अडकलेला वायू बुडबुड्यांनी वर येतो. पेट्रोल-डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवू नका, काठावर ब्लोअरच्या तोंडाशीही ठेवू नका. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून काही उपयोग नाही. तो धूळ अडवतो, वायू नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेवासे तालुक्यातल्या वाकडीत 9 एप्रिल 2024 ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, बायोगॅसच्या शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, असे सहा जण. पाच गेले. वाचला तो कमरेला दोर बांधून उतरलेला, त्याला वर ओढता आलं.

तेव्हा उतरणाऱ्याला वर काढायची सोय आधी, उतरणं नंतर. कमरेच्या दोरापेक्षा फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना बसणारा पट्टा, घ्या. शुद्ध हरपलेला माणूस कमरेच्या दोरात दुमडतो, कधी निसटतो. माणूस वर ओढायला आम्ही टाकीच्या तोंडावर तिपाई उभी करतो, पण विहीर रुंद असल्याने ती तिथे पुरणार नाही, यारी लागेल. पण गाळाच्या टबाचा दोर वेगळा आणि माणसाचा वेगळा. वर सतत एक माणूस हवा, ज्याचं दुसरं कोणतंही काम नाही. दर थोड्या वेळाने त्याने हाक मारायची. उत्तर आलं नाही तर ओढायचं, दुसऱ्याने 112 ला फोन लावायचा. सख्खा भाऊ खाली असला तरी वरच्या कुणीही उतरायचं नाही, हे त्यांना आदल्या दिवशीच बजावून ठेवा. ठेकेदार ‘एवढं कशाला, आमची पोरं सवयीची आहेत’ म्हणाला तर ठेकेदार बदला.