पुढे जाऊ नकोस

प्रिय बाळ,

रविवारी उपासना सुटल्यावर तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "बाई, प्रार्थना छताला आपटून परत येते." मग मोबाइल उघडून दाखवलास. वर्षभरात पवित्र शास्त्र पूर्ण वाचायची योजना, जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायापाशी थांबलेली. मध्ये नाईट ड्यूटीचा आठवडा आला आणि सलग दिवसांचा आकडा शून्यावर गेला. तो शून्य दाखवताना तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी चिडलेही आहे. तुझ्यावर नाही, त्या आकड्यावर.

देव ऐकतो, हे तुला मी सांगायला नको. संडे स्कूलमध्ये लहानांना ते तूच सांगायचीस. मला सांगायचं आहे ते एवढंच: पुढे जाऊ नकोस.

शास्त्रात ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. हिशेब चोख आहे, पण देवाशी बोलायला बसलेल्या माणसाच्या हातात हिशेब कशाला? १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात मॅक्चेन नावाच्या तरुण पाळकाने आपल्या मंडळीसाठी असा तक्ता केला. त्याने स्वतःच त्यातले धोके लिहून ठेवले होते: वाचन नुसतं रीत म्हणून होईल, वाचल्याचं समाधान डोक्यात जाईल, काहींना ते ओझं होईल. तक्ता आजही लोक वापरतात. धोक्यांचं कुणी नाव काढत नाही.

आपल्या मंडळीत शास्त्रवाचनाची स्पर्धा निघाली होती, जास्त अध्याय वाचेल त्याला बक्षीस. मी विरोध केला. बाईंना तरुणांचा उत्साह बघवत नाही, असं बोलणारे बोलले. बोलू देत. मला आजही माझंच बरोबर वाटतं.

तू तेराव्या अध्यायावर अडलीस याचं तुला वाईट वाटतंय. अगं, तिथे तर तू थांबायलाच हवं होतंस. तिथे काय आहे? अंगावरचा चट्टा याजकाने कसा तपासायचा, सात दिवस रोग्याला वेगळं कसं ठेवायचं, परत कसं बघायचं. आणि शेवटी शेवटी ते वाक्य: त्याने छावणीबाहेर एकटं राहावं. वॉर्डात काम करणाऱ्या मुलीला हे कळायला टीकाग्रंथ नको. आता लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढ, ओव्या ११ ते १९. दहा कुष्ठरोगी येशूला भेटतात आणि दूर उभे राहतात. का दूर? कारण लेवीय तेरा. झालं, इथेच थांब. येशूने त्यांना बरं केलं हे तुला पाठ आहे, तिकडे धावू नकोस. "दूर उभे राहिले," हे तीनदा हळू, तोंडाने पुटपुटत वाच. तुझ्या वॉर्डात कोण दूर आहे? कुणाच्या खाटेशी नातेवाईक दारातूनच बोलून निघून जातात? तू स्वतः कुणापासून लांब उभी आहेस? एक नाव मनात आलं की तीच तुझी प्रार्थना. त्या दिवशी दुसरी ओवी वाचायची नाही.

हे कॅथलिक मठवाल्यांचं काहीतरी आहे, असं तुला आपल्याकडचं कुणीतरी म्हणेलच. मलाही ऐकवलंय. होय, बाराव्या शतकात फ्रान्सच्या डोंगरातल्या मठात गीगो नावाच्या संन्याशाने याच्या चार पायऱ्या लिहिल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवासमोर असणं. पण आपल्या प्रॉटेस्टंटांच्या मार्टिन लूथरनेही १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याला, पेटरला, प्रार्थनेबद्दल हेच कळवलं. दहा आज्ञांतली एक घे, म्हणाला, आणि तिच्यातून चार गोष्टी काढ: शिकवण, उपकारस्तुती, पापकबुली, विनंती. मध्येच पवित्र आत्मा बोलू लागला तर बाकीचं सोड आणि गप्प ऐक. न्हावी वस्तऱ्यावरून लक्ष काढून गप्पा मारत बसला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, नाहीतर गळा, हेही त्याने त्यात लिहिलंय. मला तो लूथर फार आवडतो. आणि आपण नगरकडची माणसं, कवी ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं गात वाढलेली. एका अभंगावर कीर्तनकार रात्र काढतो, हे आपल्याला कुणी परक्याने शिकवायला हवं का?

आता उपकारस्तुती. तुझी प्रार्थना कशी असते ते मला ठाऊक आहे, कारण सगळ्यांची तशीच असते. "प्रभू, तू दिलेल्या सर्व आशीर्वादांबद्दल तुझे आभार," आणि लगेच मागण्यांची यादी. हे "सर्व" मला सहन होत नाही. सर्व म्हणजे कोणते? ड्यूटी संपल्यावर बसमध्ये बसलीस की एकच गोष्ट धर. म्हातारीची शीर पहिल्या टोचणीत सापडली. सिस्टरने ओरडायच्या जागी नुसतं बघितलं. कुणाच्या तरी आईने डब्यातली अर्धी भाकरी तुला दिली. तिच्यापाशी थांब, ती भाकरी बाजरीची होती की ज्वारीची इथपर्यंत आठव, आणि मग आभार मान. जेझुइट संघ काढणारा इग्नेशियस लोयोला तर दिवसाची झडती घेताना आधी आभार मानायला लावायचा, पापं त्यानंतर.

आणि ज्या दिवशी वॉर्डातलं पोर जातं, त्या दिवशी आभार पिळून काढायचे नाहीत. कुणी सांगितलं तरी नाही. ८८ वं स्तोत्र काढ. ते अंधारावर संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. तिथेही पुढे जाऊ नकोस. ८९ वं दुसऱ्या दिवशी.

त्या दहांकडे परत येते. बरे झाल्यावर आभार मानायला न परतलेल्या नवांना संडे स्कूलमध्ये आम्ही फार झोडपतो. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. याजकाला दाखवा असं प्रभूनेच सांगितलं होतं, ते बिचारे सांगितल्या कामाला निघाले होते. तक्ता पूर्ण करणारी माणसं ती. दहावा, तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, वाटेत आपल्या अंगाकडे बघतो आणि सांगितलेलं काम अर्धवट टाकून माघारी फिरतो. प्रभू त्याला रागावत नाही. उलट, बाकीचे नऊ कुठे आहेत, असं विचारतो.

माझी आई निरक्षर होती. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून केलेलं भाषांतर १९२४ मध्ये छापून आलं, पण आईला तेही वाचता आलं नसतं. ऐकून ऐकून तिला मोजकी वचनं येत होती, आणि दळताना ती त्यांतलं एकच दिवसभर घोळवायची. मी शिकलेली, घाईतली. त्या एका वचनात तू काय ऐकतेस, हे मी तिला कधी विचारलं नाही. ते मात्र मला लागून राहिलंय. म्हणूनच तुझ्यामागे लागले आहे, समज हवं तर.

प्रार्थनासभेत मी तीन वाक्यांत प्रार्थना आटोपते, म्हणून बाई आटल्या असं म्हणतात. तू तसं म्हणू नकोस.

ते अॅप काढून टाक. पंधरवडाभर लूक सतरा, ११ ते १९, एवढंच. नाईट असेल तर पहाटे बसमध्ये वाच, झोप लागली तर लागू दे. शनिवारी फोन कर. किती वाचलंस ते विचारणार नाही, कुठे अडलीस ते सांग.

तुझी,
बाई